जुन्या स्प्लेंडरवर हैदराबाद : तयारी टाळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मे महिना, नागपुरात पारा 45 च्या घरात, दारात पंधरा वर्षांची स्प्लेंडर आणि मनात हैदराबाद. अभिनंदन! बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, पांढरकवडा, की आलंच आदिलाबाद. जेमतेम पाचशे किलोमीटर. "होऊन जाते ना बे," असं म्हणणारे दोन मित्र मिळाले की निम्मी तयारी झाली.

उरलेल्या निम्म्यात आधी स्टिकर, मग मोबाईल होल्डर, मग वीस-वीस वॉटचे दोन फॉग लाइट. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी 12 व्होल्ट, 2.5 अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर 30 वॉट-अवर. जुन्या मॉडेलात हेडलाइट थेट मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागावर चालतो; बॅटरीकडे हॉर्न, इंडिकेटर असली किरकोळ कामं. तिच्यावर चाळीस वॉट लादा आणि रात्री ट्रकमागे हॉर्न कसा कण्हतो ते ऐका.

चेन खडखडते? फक्त चेनच बदला. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या चाकांचे, दात वाकून टोकदार झाले असतील तर असू द्या. त्यांच्यावर नवी चेन नीट बसत नाही आणि लवकरच जुनीइतकीच लोंबते. चेन-स्प्रॉकेटच्या पूर्ण किटचे पैसे वाचले, म्हणजे चेन दोनदा घेता येते. चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिपही उलटी लावा. बंद बाजू चेनच्या चालीकडे ठेवली तर ती उडण्याची मजाच राहत नाही.

टायरवरचे तारखेचे चार अंक मात्र वाचू नका. 1512 म्हणजे 2012 चा पंधरावा आठवडा, हे कळलं की उगाच झोप उडते. नक्षी दिसते ना? मग रबर कडक होऊन कडेला भेगा पडल्या तरी काय बिघडतं? ट्यूबला चार पॅच असतील तर पाचव्यालाही जागा आहे. आणि हवा मोजायची ती भर दुपारी, जामला चहा घेताना. तापलेल्या टायरात ती जास्तच दिसणार, मग थोडी काढून टाका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि मग पॅचचं सोल्यूशन सुटतं. ही साखळी एकदा सुरू झाली की तुम्हाला काही करावं लागत नाही.

क्लच केबल लिव्हरपाशी एकेक तार करत तुटते, म्हणून तिथे पाहू नका. काही घाबरट लोक जुनीच्या शेजारून नवी केबल आधीच ओवून टेपने बांधून ठेवतात. जुनी तुटली की दोन्ही टोकं बदलून दहा मिनिटांत मार्गस्थ. असल्या लोकांना प्रवास कळलाच नाही.

ऑइल काळं झालंय? तेवढंच अनुभवी. बदलायला 900 मिलीचा एक डबा लागतो, पण त्या पैशात तर्री पोहे किती येतात! पेट्रोलचा कॉक कायम रिझर्व्हवर ठेवा, म्हणजे टाकी आटल्याची आगाऊ सूचना मिळत नाही. नोंदणीची पंधरा वर्षं संपली का, हे आरसीवर बघणंही अपशकुनीच.

सामान लादून आधी रामटेकला जाऊन यायचा सल्ला कोणी दिला, तर हसून सोडून द्या. येऊन-जाऊन त्या शंभर किलोमीटरांत कोणता नट ढिला आहे, ऑइल कुठून पाझरतं आणि कॅरिअरची कोणती वेल्डिंग तडकते, हे घराजवळच कळून जातं. मग वडनेरच्या पुढे, दुपारी दोन वाजता, सावलीविना करायला काही उरतच नाही.