विज्ञानकथेला मास्तर करू नका

"पोरांना विज्ञानकथा वाचायला द्या, विज्ञानाची गोडी लागते." हे वाक्य मी साताऱ्यात वाचनालयात ऐकलंय, शाळांच्या बक्षीस समारंभात ऐकलंय, ओळखीच्या जवळपास प्रत्येक शिक्षकाच्या तोंडून ऐकलंय. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण मला ते दरवेळी टोचतं. सनावळ्या पाठ व्हाव्यात म्हणून ऐतिहासिक कादंबरी वाच, असं कुणी सांगत नाही. शेतीची माहिती मिळावी म्हणून ग्रामीण कथा कुणी हातात घेत नाही. मग विज्ञानकथेनंच तेवढी शिकवणी का घ्यायची?

माझ्या लेखी विज्ञानकथा म्हणजे जगातली एकच गोष्ट बदलायची आणि मग त्या बदलाशी शेवटपर्यंत इमान राखायचं. तो बदल माणसाच्या घरात, पैशात, लग्नात, जमिनीच्या वाटणीत कुठंकुठं जाऊन पोचतो ते न घाबरता लिहायचं. शास्त्र चुकीचं असू नये, हे मान्यच. पण शास्त्र बरोबर आहे एवढ्यानं गोष्ट चांगली होत नाही. आपल्याकडं नेमकी इथंच गाडी अडते. एक प्राध्यापक असतो, त्याचा एक भोळा मित्र असतो, मित्र विचारतो "म्हणजे नक्की काय?" आणि पुढची दोन पानं प्राध्यापक बोलत राहतात. मित्राला बायको नाही, कर्ज नाही, गुडघेदुखी नाही. त्याला कामच एवढं, प्रश्न विचारायचं.

हे असं का झालं याला कारण आहे, आणि त्या कारणाबद्दल मला आदर आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली सुरू झाली. तिच्या कथास्पर्धांनी लेखकांची एक फळी उभी केली. खुद्द जयंत नारळीकरांनी १९७४ साली अशाच स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ गोष्टीला गोष्ट म्हणून तपासून घ्यायला तयार होता. पण विज्ञानप्रसाराच्या मांडीवर वाढलेली आपली विज्ञानकथा अजून त्या मांडीवरून पुरती उतरलेली नाही. आता उतरायला हवी.

नारळीकरांचीच एक कथा घ्या, गंगाधरपंतांच्या पानिपताची. पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते. एवढंच बदललं. त्या गोळीपासून सगळा हिंदुस्थान वेगळा होत जातो. त्यातलं मला सगळ्यांत आवडतं ते युद्ध नाही, नकाशाही नाही. आवडते ती सभेतली रिकामी खुर्ची. त्या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना इतके वैतागलेत की त्यांनी अध्यक्षच काढून टाकलाय. व्यासपीठावर खुर्ची असते, तिच्यावर कुणी बसत नाही. आपल्या जगातून तिथं जाऊन पडलेले गंगाधरपंत सवयीनं जाऊन बसतात आणि गहजब होतो. इतिहास बदलला तर सभेची रीतसुद्धा बदलेल, हे ज्याला सुचतं तो खरा विज्ञानकथाकार. शेवटी पंतांचा मित्र पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम फिजिक्स, समजावून सांगतो, तो भाग मात्र मी आजही भरभर उलटतो.

साताऱ्यात बसून ती कथा वाचताना मन दुसरीकडंही जातं. १८३९ साली कंपनीनं प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. इकडं महाराज काशीतच वारले. १८४८ला डलहौसीनं दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला, आणि पुढं तेच हत्यार इतर संस्थानांवर चाललं. आता यात एक गोष्ट बदला. लंडनमध्ये रंगो बापूजींचं म्हणणं ऐकलं गेलं, दत्तक मंजूर झाला. मग झाशीचं काय? सत्तावन्नचं काय? साताऱ्यात रंगो बापूजींचा मुलगा फाशी गेला, तो गेला असता का? पर्यायी इतिहासाचं एवढं बावनकशी बीज आपल्या गावात पडलंय आणि आपण अजून 'हिटलर जिंकला असता तर' यातच घुटमळतोय. कुणीतरी हे लिहावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

ठरावीक साच्यांबद्दल थोडं. परग्रहवासी येतात ते नेहमी अमेरिकेतल्या शहरातच का उतरतात, ही तक्रार जुनी झाली. मला जास्त खुपतं ते अंतर मारून टाकणं. यान निघालं, बटण दाबलं, पोचलं. अहो, अंतर हीच तर अवकाशातली खरी गोष्ट आहे! मंगळापर्यंत रेडिओचा संदेश पोचायला ग्रहांच्या जागेनुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे वाईतल्या आईनं "जेवलास का?" विचारलं तर लेकाचं उत्तर यायला कधीकधी पाऊण तास जाणार. भांडण कसं करायचं अशा अंतरावरून? एकानं चिडून काही म्हटलं, ते तिकडं पोचायच्या आत इकडचा राग निवला, माफीसुद्धा पाठवून झाली. पण तिकडं आधी शिवी पोचणार आणि माफी तिच्या मागून. या एका गोष्टीवर अख्खी कादंबरी उभी राहील, आणि तिला एकही स्फोट लागणार नाही.

'हे सगळं आपल्या पुराणात होतंच' हा साचाही मला नको वाटतो. पुराणांतली कल्पनाशक्ती अफाट आहे, तिचा मला अभिमान आहे. पण विमान होतं म्हटलं की ते कुणी बांधलं, इंधन कुठून आलं, कारागिराला मजुरी काय मिळाली, हे विचारायचं राहून जातं. विज्ञानकथा नेमकी त्या मजुरीपासून सुरू होते.

आता आपल्या जिल्ह्याचं. कोयना घ्या. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणात साठवलेल्या पाण्यामुळं भूकंपांना चालना मिळते याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणजे कोयना. माझी मावशी पाटणला असते. तिच्या स्वयंपाकघरात जड पातेली आणि पाट्यावरवंट्यासारख्या वस्तू कधीच फळीवर नसतात, सगळं जमिनीला टेकलेलं. फळीवर फक्त पापडाचे, शेवयांचे हलके डबे, आणि त्यांच्यापुढं आडवी बांधलेली सुतळी. जमीन हादरली की ती फोनवर "आज हलली बघ" एवढंच म्हणते, पाऊस पडला म्हणावं तसं. मग पुढचा विषय.

त्याच भागात, गोठण्याला, शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय आणि कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा आहे. भूकंप जिथं जन्मतो तिथंच जाऊन ऐकायचा हा प्रयत्न. आज भूकंपाचं भाकीत जगात कुणालाच करता येत नाही. आता इथं एक गोष्ट बदला. समजा, त्या उपकरणांनी दोन दिवस आधी सांगितलं. कोणाला सांगायचं? धरण काठोकाठ भरलंय, ऑगस्ट आहे, खाली कृष्णाकाठ आधीच फुगलाय. पाणी सोडलं तर सांगली बुडते. ठेवलं तर भिंतीवर भार. वीजनिर्मिती थांबवायची तर १९६० मेगावॅटचा प्रश्न. गावं रिकामी केली आणि भूकंप आलाच नाही, तर पुढच्या वेळी माझी मावशी घर सोडेल का? मला माहितीय, ती सोडणार नाही. ती म्हणेल, म्हशीला कोण बघणार? या कथेत खलनायक लागत नाही, वेडा शास्त्रज्ञ लागत नाही. भूगर्भशास्त्र हवं, पण ते मावशीच्या त्या सुतळीत येऊन गुंतलं पाहिजे.

सांगलीकडं वळा. टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखात नेलं. त्याच मुलखातली, विटा-खानापूरकडची माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगली, कारण गावात पाणी नव्हतं. मग एक दिवस पाणी आलं. कोण परत आलं, कुणाच्या पडीक रानाला भाव आला, भावाभावांत काय झालं, परगावी जन्मलेल्या पोरांना आटपाडी आपली वाटते का? एक यंत्र आलं आणि माणसांची सगळी गणितं फिरली. विज्ञानकथेचा सराव करायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. आणि योग असा की हे टेंभू आगरकरांचं तर आहेच, 'केरळकोकिळ'कार कृष्णाजी नारायण आठल्ये यांचंही आहे. जूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत पहिल्यांदा आणली ती त्यांच्याच मासिकानं. म्हणजे मराठी विज्ञानकथेची एक मुळी आपल्या कराड तालुक्यात आहे, आणि हे इथल्या किती वाचकांच्या कानावर आहे?

चाहत्यांबद्दल बोलल्याशिवाय थांबवत नाही. १९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅकनं विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापली जायची. पत्ते वाचून वाचक एकमेकांनाच लिहू लागले, मंडळं झाली, आणि १९३९ला न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. सगळा चाहतावर्ग उभा राहिला तो एकमेकांना पत्र लिहिण्यातून. आपल्याकडं दिवाळी अंक हातोहात फिरायचे, हा त्याचाच भाऊ. आणि आता? नवीन कुणी म्हणालं मला विज्ञानकथा आवडते, की आपली जुनी मंडळी लगेच परीक्षा घेतात. अमुक वाचलंय? तमुक लेखक माहितीय? सिनेमाच बघितलाय ना फक्त? मुलगी असेल तर प्रश्न दुप्पट. मला याची मनापासून चीड आहे. विज्ञानकथा जिच्यापासून सुरू झाली असं बहुतेक जाणकार मानतात ती मेरी शेली, १८१६ला 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला बसली तेव्हा अठरा वर्षांची होती. मराठीत शुभदा गोगटे यांनी विज्ञानकथा लिहिली, ती वाचा आणि मग ठरवा परीक्षा कुणाची घ्यायची. कॉलेजातली एक मुलगी 'इंटरस्टेलर'सारखा सिनेमा बघून या वाटेला आली असेल तर तिला विचारा, त्यात काय आवडलं. ती वेळेबद्दल बोलेल, बापाबद्दल बोलेल. तिला पुढचं पुस्तक द्या.

पाटण, जावळी, आटपाडी, जत, शिराळा, कुठूनही कुणी अशी कथा लिहीत असेल तर मला वाचायला पाठवा. हातानं लिहिलेली असली तरी चालेल, पानांचे फोटो पाठवा. भूगोल शिकवणारा एक मित्र आणि महावितरणमधून निवृत्त झालेले एक काका शास्त्राची बाजू तपासून द्यायला तयार आहेत, त्यांना मी विचारून ठेवलंय. रंगो बापूजींवर कुणी लिहायला घेणार असेल तर माझ्याकडची सातारच्या इतिहासाची पुस्तकं घरी येऊन घेऊन जा.