बायरॅड्स 4 म्हणजे चौथी स्टेज? कुणी सांगितलं?

आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) रिपोर्टवर बायरॅड्स 4 म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज, 3 म्हणजे तिसरी, 0 असेल तर बिनधास्त रहा, आणि हे आकडे प्रत्येक सेंटर आपापल्या मनानं टाकतं. खानापूरची माझी मावशी ते वाचून दोन दिवस धड जेवली नाही, तिचा रिपोर्ट 4ए आहे.

स्टेज ठरते कधी, तर कॅन्सर आहे हे पक्कं झाल्यावर, गाठ केवढी, काखेत गेलाय का, लांब पसरलाय का हे बघून. बायरॅड्स त्याच्या आधीचं, फोटो वाचणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे रेडिओलॉजिस्टला, कॅन्सरचा संशय किती आणि पुढं करायचं काय एवढंच. 4 म्हणजे संशय आहे, सुईनं तुकडा काढून तपासा, म्हणजे बायॉप्सी करा. आणि हा संशय 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत कितीही, म्हणून तर पोटभाग केलेत, 4ए 10 टक्क्यांपर्यंत, 4बी 50 पर्यंत, त्याच्यावर 4सी. म्हणजे मावशीसारख्या शंभरजणींत नव्वदजणींना तरी कॅन्सर निघत नाही. एवढं सगळं एका आकड्यात कोंबलेलं मलाबी पटत नाही, तेव्हा नुसतं 4 लिहिलं असेल तर ए, बी का सी ते विचारून घ्या की.

3 ला तर संशय 2 टक्के किंवा कमीच, बहुतेक वेळा 6 महिन्यांनी परत फोटो.

सगळ्यात घातक ते 0 चं. 0 म्हणजे तपासणी अर्धवट, अजून फोटो काढा नाहीतर सोनोग्राफी करा नाहीतर जुने फोटो आणा. काही सापडलं नाही तर 1 लिहितात! मेसेज वाचून 0 वाली घरात बसली तर जबाबदार कोण?

आणि 6? तो बायॉप्सीत कॅन्सर आधीच सिद्ध झालाय त्यांचा, आणि त्या बाईची स्टेज पहिलीसुद्धा असू शकते. इथंच मेसेजचा हिशोब झोपला.

मनानं टाकतात म्हणे. ही पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं 1993 साली आणली, त्याच्या आधी ज्याला जे शब्द सुचतील ते लिहायचे. दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं, पण आकड्याचा अर्थ ठरलेला. आपल्याकडं पाटी कुठल्या भाषेत यावरनं भांडणं, पण निपाणीत काढलेला 4ए कोल्हापुरात दाखवा नाहीतर हुबळीत, अर्थ तोच.

मावशीची बायॉप्सी गुरुवारी आहे, बेळगावात. जुन्या फिल्मा ट्रंकेत साड्यांखाली सापडल्या, त्या पिशवीत घालून ठेवल्यात.