‘गरिबांची पेटी’ म्हणे!

घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. सातमाशी बाळाला उघड्या छातीशी धरणं, म्हणजे ‘कांगारू केअर’, ही गरिबांची पेटी. काचेची पेटी मिळत असेल तर हा खटाटोप नको. उघड्या अंगाचे जंतू लागतात. धरलंच तर आईनेच, तेही दहा मिनिटं.

‘गरिबांची पेटी’ यात निम्मं खरं आहे. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका प्रसूती रुग्णालयात पेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी दिली. सुरुवात टंचाईतून झाली, कबूल. पण पुढचं वाचा. दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतल्या चार देशांतली रुग्णालयं मिळून १ ते १.८ किलोच्या आतल्या ३,२११ बाळांवर अभ्यास झाला. निम्मी जन्मल्याबरोबर छातीशी. बाकीची आधी पेटीत किंवा वॉर्मरवर (वरून ऊब देणाऱ्या उघड्या पाळण्यात), तब्येत स्थिरावल्यावर छातीशी. म्हणजे मशीन हाताशी असतानाची ही तुलना. २८ दिवसांत पहिल्या गटातली १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्यातली १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. निकाल २०२१ मध्ये छापून आले.

जंतूंचंही तिथेच कळतं: जंतुसंसर्गाचा संशय छातीशी असलेल्या बाळांत कमी होता.

दहा मिनिटं? जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास सांगते. मात्र ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, व्हेंटिलेटर लागतोय, त्याला आधी मशीनच. पेट्या भंगारात काढा असं कुणी म्हणत नाही.

राहता राहिलं ‘आईनेच’. माझ्या भाचीची मुलगी १४०० ग्रॅमची. भाची टाके सांभाळत जेवायला बसली की तिचा नवरा शर्टाची बटणं काढून आरामखुर्चीत रेलायचा. पोरीच्या अंगावर लंगोट, टोपरं आणि मोजे, बस्स. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला, वरून दुपटं. त्याची आई दारातून म्हणाली, ‘अरे, केस टोचतील रे तिला!’

सिस्टर हसल्या. ‘आजी, हात धुऊन या आणि तिच्या पायाला हात लावून बघा.’

आजींनी मोज्यात बोट सारलं. पाय छान ऊबदार होते.

‘मग माझा नंबर कधी?’