आमच्या मुलींचे मैदान पाच वाजता रिकामे करून द्या

बेळगावातील मुलींच्या फुटबॉल संघाला विनामूल्य प्रशिक्षण द्यायचे मी दोन वर्षांपूर्वी कबूल केले, तेव्हा खेळ शिकवणे अवघड जाईल अशी माझी समजूत होती. शिकवणे मुळीच अवघड गेले नाही. वडगाव, शहापूर, अनगोळच्या या मुली चेंडू पायात ठेवून मान वर करायला महिनाभरात शिकल्या. जीव मेटाकुटीला येतो तो त्यांच्यासाठी दीड तास मैदान मोकळे करून घेताना, आणि आता माझा संयम संपला आहे.

आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी पाच ते साडेसहा, ही वेळ आम्हाला लेखी मिळालेली आहे. त्यासाठी आधी मराठीत अर्ज दिला, तो परत आल्यावर कन्नडमध्ये लिहून घेतला आणि सहा हेलपाटे घातले. तरीही पाच वाजता आम्ही पोहोचतो तेव्हा तिथे टेनिस चेंडूचे क्रिकेट चालूच असते. ‘ओ ताई, दोनच ओव्हर राहिल्यात की,’ असे सांगितले जाते आणि त्या दोन षटकांना अर्धा तास लागतो. समोर मुलांचा संघ उभा असला की हीच मंडळी यष्ट्या उपटून निमूटपणे बाजूला होतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

अर्ध्या तासाने काय बिघडते, असे मला विचारले जाते. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि या मैदानावर दिवे नाहीत. वाढत्या वयाच्या मुलींना गुडघ्यातील अस्थिबंधन तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे वाकवत खाली येणे हा फिफाच्या कार्यक्रमातला वीस मिनिटांचा सराव मी कोणत्याही परिस्थितीत गाळत नाही. साडेपाचला मैदान हाती आले तर त्यानंतर प्रत्यक्ष खेळायला दहा-पंधरा मिनिटे उरतात. एवढ्या वेळात बावीस मुलींपैकी किती जणींच्या पायाला चेंडू लागेल?

मैदान मिळाले तरी ते कोणत्या अवस्थेत मिळते, तेही सांगते. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाचा मंडप उतरवून नेला आणि खुंटांचे खड्डे तसेच सोडले. वरून पाऊस झाला आणि तांबड्या मातीच्या चिखलाने ते काठोकाठ भरले, त्यामुळे वरून जमीन सपाट दिसू लागली. आमची डाव्या बगलेवर खेळणारी मुलगी पूर्ण वेगात येत असताना तिचा पाय घोट्याच्या वर आत गेला. ती ओरडली नाही; तिने आधी बूट ओढून काढला, कारण तो तिच्या बहिणीचा होता आणि फाटला असेल या भीतीने तिचा चेहरा उतरला होता. तक्रार घेऊन गेले, तर ‘मुलींनी जरा जपून धावायला पाहिजे,’ असे उत्तर मिळाले.

तिथे स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप असते आणि किल्ली क्रिकेटवाल्यांकडे असते. म्हणून आमच्या मुली दुपारी शाळा सुटण्याआधीच पाणी पिणे बंद करतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तहान मारून धावतात, हे कळले त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

‘भारताच्या पोरींनी अमेरिकेकडून आठ गोल खाल्ले, कशाला एवढा आटापिटा?’ असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला ऐकवले. होय, 2022 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भुवनेश्वरला आपण 0-8 ने हरलो. पण त्याच स्पर्धेचे उपांत्य सामने चोर्ला घाटापलीकडे मडगावला झाले, ते पाहायला जावे असे इथे किती जणांना वाटले? आणि 2025 च्या जुलैमध्ये आपल्या महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, ते या गृहस्थांच्या कानावरही नव्हते.

बायकांचा खेळ मारायचा असेल तर त्यांचे मैदान काढून घेतले की पुरते. इंग्लंडमध्ये 1920 साली महिलांच्या एका सामन्याला 53,000 प्रेक्षक आले होते आणि पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने महिलांना मैदाने देऊ नयेत, असे क्लबांना कळवले. ती बंदी जवळजवळ 50 वर्षे टिकली. आमच्यावर कोणी लेखी बंदी घातलेली नाही. रोज दोन षटके जास्त खेळून तेच काम होते आहे, कारण या महिन्यात तीन मुलींच्या आयांनी मला सांगितले, ‘ताई, अंधार पडेपर्यंत उभीच राहते ती. उद्यापासून नाही पाठवत.’

मला दिवे नकोत, निधी नको, सत्कार तर नकोच. मंगळवारी पाचला आम्ही येऊ तेव्हा यष्ट्या निघालेल्या असाव्यात, खड्डे मातीने बुजवलेले असावेत आणि स्वच्छतागृहाची एक किल्ली माझ्या हातात द्यावी.