हॉलंडचा दाखला देताय, तर पुरा द्या

कर्जमाफीचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांत कुणीतरी हॉलंड काढतंच. महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा देश, शेतमालाच्या निर्यातीत अमेरिकेखालोखाल जगात दुसरा. तिथं मागतं का कुणी कर्जमाफी? पुढचं ठरलेलं असतं: दोन एकरवाल्यांनी शेती सोडावी, जमिनी एकत्र कराव्यात, काचघरं उभारावीत. आणि मग मला विचारतात, "ताई, तू तिथंच असतेस, सांग की यांना."

सांगते. निर्यातीच्या त्या आकड्यात बाहेरून आणून पुढे धाडलेला माल बराच आहे. युरोपच्या तिजोरीतून इथल्या शेतकऱ्याला हेक्टरी अनुदान मिळतं. आणि इथल्या वेस्टलांड भागातल्या काचघरांत टोमॅटो खुडतात ती पोलंड-बल्गेरियाची पोरं. त्यांना काम देणारं उइटझेंडब्युरोच, म्हणजे मजूर पुरवणारी एजन्सीच, खाट देतं आणि खाटेचं भाडं पगारातून कापतं; काम गेलं की खाटही जाते. 2020 मध्ये एमिल रोमर यांच्या, परदेशी मजुरांसाठी नेमलेल्या समितीनं सरकारला बजावलं, की कामाचा करार आणि घराचा करार वेगळे करा. सायकलवरून जाताना ती पोरं दिसली की मला बीडच्या ऊसतोड टोळ्या आठवतात. मुकादमाची उचल घेतली की हंगामभर सुटका नाही, आणि नवरा-बायको दोघं मिळून हिशेबात एकच कोयता.

म्हणजे गरीब मजूर इथंही आहे. पण घेण्यासारखं इथं काही नाही असं मी म्हणणार नाही. आहे, फक्त ते काचघरात नाही. खंडानं जमीन कसणाऱ्याचा नियमित पाख्त, म्हणजे खंडकरार, इथं किमान सहा वर्षांचा असतो. ग्रोंडकामर ही सरकारी संस्था तो करार तपासते आणि खंडाला कायद्यानं मर्यादा आहे. 2023 च्या मार्चमध्ये प्रांतिक निवडणुकीला माझ्या भारतीय पासपोर्टावर मला मत नव्हतं, पण त्याच दिवशी वाटरस्खापसाठी, म्हणजे इथल्या पाणी मंडळासाठी, मी मत दिलं. या देशात माझी वीतभर जमीन नाही, तरी कालव्याची पातळी, बांध आणि पाणीपट्टी ठरवणाऱ्या मंडळावर कोण बसणार हे ठरवण्यात माझा वाटा आहे. आपल्याकडे पाणीवापर संस्थेचं सभासद व्हायचं तर लाभक्षेत्रात जमीन लागते. ज्याच्याकडे ती नाही त्याला पाण्यावर बोलायचं काय कारण, असं आपण धरून चालतो.

कर्जमाफीवर भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक मला म्हणूनच सारखे वाटतात. दोघांच्याही डोळ्यांपुढे फक्त सातबारावाला असतो. 2017 ला दीड लाखापर्यंत माफी झाली, 2019 ला दोन लाखांपर्यंत. पीएम किसानचे वर्षाला सहा हजारही जमीन नावावर असेल त्यालाच. 2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी जवळपास 12 कोटी आणि शेतमजूर 14 कोटींहून जास्त होते. शेतीत राबणाऱ्यांतला मोठा गट त्या भांडणात नसतोच. बायकांचं तर बोलायलाच नको: 2015-16 च्या कृषिगणनेत वहितीदारांमध्ये त्या 14 टक्क्यांच्या आसपास. खुरपणी, कापूस वेचणी कोण करतं, हे मी सांगायला हवं का?

आणि याचं उत्तर शोधायला हॉलंडला यायची गरज नव्हती. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणशी अर्ध्या एकराला द्यायचं. कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. इतका स्पष्ट विचार मी युरोपात कुठं पाहिलेला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. राग याचा, की आपल्या पोरांना वेस्टलांड ठाऊक असतं आणि नायगाव नसतं.

"परदेशात बसून बोलायला काय जातं?" हे मला ऐकवलं जातंच. मी इथं कर भरते, इथल्या पाण्यावर मत देते, पण बार्शीकडच्या आमच्या गटाच्या सातबारावर माझं नाव आहे. भावानं हक्कसोडपत्र मागितलं नाही, याचं आजही बरं वाटतं. मात्र ती जमीन आम्ही कसत नाही. एक जोडपं ती बटईनं करतं, तोंडी बोलीवर. अतिवृष्टी झाली तर मदत आमच्या खात्यात येते. विमा योजना त्यांना पात्र म्हणते आणि मग कागद मागते. कागद केला की कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती आमच्या घरात कूळकायद्यापासून आहे. ती मला खोटी वाटत नाही. मलाही जमीन सोडवत नाही. ते नाव गेलं तर त्या गावात माझं म्हणायला काहीच उरत नाही, आणि इथंही मी पुरती रुजलेली नाही.

2016 मध्ये नीती आयोगानं जमीन खंडानं देण्याचा नमुना कायदा मांडला. त्यात मालकाची मालकी शाबूत राहते आणि कसणाऱ्याला पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळण्याची वाट मोकळी होते. कर्जमाफी हवी की नको यापेक्षा या मुद्द्यावर महाराष्ट्रात भांडण व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या गटाचा लेखी करार व्हावा आणि त्यावर त्या जोडप्यातल्या दोघांचीही नावं असावीत, असं मी भावाला सांगितलंय. तो अजून तयार नाही.