कासला किती माणसं पेलतील, हे कोण ठरवणार?

दरवर्षी साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा फुलांचा हंगाम आटोपला की ठरलेली बातमी येते. यंदा इतक्या पर्यटकांनी भेट दिली, इतका महसूल जमा झाला. आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा असला की सगळे खूश, कमी असला की 'पावसाचा फटका'. मला या बातमीचा मनापासून राग येतो. पठार कसं आहे, कुठली फुलं कमी झाली, शेजारच्या कासाणी-एकीव गावांतल्या पोरांना किती दिवस काम मिळालं, तळ्याचं पाणी कसं आहे, यातलं काहीच त्या बातमीत नसतं. फक्त डोकी मोजलेली असतात.

मी साताऱ्याची. शाळेत विज्ञान शिकवते आणि जमेल तेव्हा मुलांना कासला घेऊन जाते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लांबचा नाही. पोस्ट मोठी होणार आहे, पण वेळ काढून वाचा.

आधी पठाराविषयी. लांबून पाहिलं तर ते गालिचासारखं दिसतं, आणि फोटोत आपण तेवढंच पाहतो. जवळ गेलं की कळतं, खाली जांभ्याचा कातळ आहे आणि त्यावर मातीचा जेमतेम थर. कुठे इंचभर, कुठे तेवढाही नाही. त्या मातीत नत्र इतका कमी की तिथल्या काही झाडांना किडे खाऊन जगावं लागतं. सीतेची आसवं हे जांभळं फूल बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पण त्याच्या बुडाशी, ओल्या मातीत, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा इवल्या पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात, हे फार थोड्यांना माहीत असतं. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानांवरचे चिकट थेंबही त्याच कामाचे. आमच्या आठवीच्या एका मुलाने वाटेच्या कडेला उकिडवं बसून भिंगातून दवबिंदूत अडकलेलं चिलट पाहिलं आणि तो उठायलाच तयार होईना. त्याच्यापासून दहा पावलांवर एक कुटुंब दोरी ओलांडून तेरड्यात बसलं होतं, फोटोसाठी. ते उठून गेल्यावर तिथे चिखलात बुटांचे खड्डे राहिले आणि त्यात पाणी भरलं. जांभ्यावरच्या मातीला असा खड्डा भरून यायला किती काळ लागतो, हे मी मुलांना सांगत होते तोवर दुसरं कुटुंब त्याच जागी येऊन बसलं.

ती माणसं वाईट नव्हती. छान होती, मुलांना खाऊही देऊ केला त्यांनी. म्हणून 'पर्यटकांना अक्कल नाही' असली पोस्ट मी लिहिणार नाही. माणसं येणारच. 1950 साली जगभरात आंतरराष्ट्रीय प्रवासी होते सुमारे अडीच कोटी. 2019 साली ते 146 कोटींच्या घरात गेले. कोरोनाच्या वर्षात हा आकडा 40 कोटींपर्यंत कोसळला, सगळ्यांना वाटलं आता जग शहाणं होईल, आणि 2024 मध्ये तो पुन्हा 140 कोटींवर आला. यात आपल्याच देशात फिरणारे धरलेले नाहीत, ते धरले तर हिशेबच लागणार नाही. पगारी रजा, स्वस्त विमानं, घरोघरी गाडी, हातात फोन. ज्यांच्या आजी-आजोबांनी जन्मात पंढरपूर आणि फार तर काशी पाहिली, ती माणसं आज युरोपला जातात. यात वाईट काय आहे? मला तर आनंद होतो. फिरायला मिळणं ही फक्त श्रीमंतांची चैन राहू नये.

पण म्हणूनच जागेची मर्यादा आधी ठरली पाहिजे, जाहिरात नंतर. आणि ती मर्यादा ठरवताना तिथे राहणारी माणसं चर्चेला बसलेली हवीत. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

व्हेनिसचं उदाहरण घ्या. जुन्या शहरात 1951 च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते. आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, किराण्याच्या जागी मुखवटे विकणारी दुकानं आली, तरुण जोडपी पूल ओलांडून मुख्य भूमीवर राहायला गेली. मोठी क्रूझ जहाजं 2021 मध्ये शहराच्या मुख्य जलमार्गातून बंद केली, हे चांगलंच झालं. मग 25 एप्रिल 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसभरापुरतं येणाऱ्याला पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. जगभर त्याची चर्चा झाली. पण किती जणांना आत सोडायचं याला मर्यादाच नाही! पाच युरो भरा आणि या. शहर पाहायला एवढा खर्च करून आलेला माणूस पाच युरोसाठी मागे फिरत नाही. मग त्या शुल्काने गर्दीची पावती फाटते, गर्दी हटत नाही.

इथे मला कासचं कौतुक करायचंय, आणि ते आपण सातारकरसुद्धा पुरेसं करत नाही. कासला दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली आहे. ऑनलाइन बुकिंग करून यायचं, गाडी लांब लावायची, तिथून बसने वर. आणि हे सगळं चालवते ती आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती, वनखात्याच्या सोबतीने. तिकिटं फाडणारी, गाइड म्हणून फिरणारी, शिट्टी वाजवून लोकांना वाटेवर आणणारी पोरं-पोरी कास, एकीव, आटाळी, कासाणीतली. जुलै 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. त्यानंतर गर्दीचा जो लोंढा आला, त्यात ही व्यवस्था नसती तर आज पठारावर चिखल आणि कुरकुऱ्यांची पाकिटं उरली असती. व्हेनिसला जे जमलं नाही ते चार डोंगरी गावांनी बऱ्यापैकी जमवलं आहे.

बऱ्यापैकी म्हणते, कारण पूर्ण नाही. रविवारी बुकिंग न मिळालेला माणूस घरी परत जात नाही. तो तळ्यावर जातो, बामणोलीला जातो, भांबवलीच्या धबधब्यावर जातो, ठोसेघरला जातो. तीन हजारांची मर्यादा पठाराला आहे, रस्त्याला नाही. यवतेश्वर ते कास या रस्त्यावर दोन्ही बाजूंना हॉटेलं आणि रिसॉर्ट उगवली आहेत. कासच्या तळ्याचं पाणी आम्ही सातारकर पितो. त्या भागातलं सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न विचारला की 'विकासाला विरोध' असा शिक्का बसतो. मला तो शिक्का चालेल. पाणी मात्र स्वच्छ हवं.

आता कुंपणाची गोष्ट. हिच्यातून शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त आहे असं मला वाटतं. गर्दी वाढली तेव्हा फुलं वाचवायची म्हणून पठाराला तारेचं कुंपण घातलं. ऐकायला अगदी योग्य. माणूस बाहेर, फुलं आत. पण त्याबरोबर गावाची गुरंही बाहेर राहिली. कित्येक पिढ्या त्या पठारावर गुरं चरत आली होती. गवत खाऊन ती ते आटोक्यात ठेवत, शेण पडे, मातीला खत मिळे. गुरं थांबली तसं गवत माजलं, आणि इंचभर मातीवर जगणाऱ्या बुटक्या फुलांना ऊन मिळेना. फुलं कमी होत चालली असं गावातले म्हातारे सांगत होते, अभ्यासकही सांगू लागले. शेवटी ते कुंपण काढावं लागलं.

विचार करा. फुलं कशामुळे टिकली होती हे गुराख्याला माहीत होतं. त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण संवर्धन म्हणजे गाव बाजूला सारणं, अशी आपली समजूत. आणि पर्यटन म्हणजे गाव विकायला काढणं. दोन्हीकडे गावाला बोलायला जागा नाही.

जमिनीचं तर आणखी वाईट आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने देण्याचे 10,101 फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत बंद करणार. का? तर शहरातल्या माणसाला राहायला घर परवडेना. आपल्याकडे हा प्रश्न भाड्याचा नाही, सातबाऱ्याचा आहे. जावळी खोऱ्यात, कासच्या वाटेवर डोंगरउताराची वरकस जमीन. नाचणी-वरी पिकवून हातात काही पडत नाही, पोरगा मुंबईत. अशा वेळी कुणी येऊन रोख पैसे दाखवले तर माणूस सही करतो, त्याला दोष कसा द्यायचा? मेढ्याकडचे एक ओळखीचे काका आहेत. जमीन विकून घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, आणि आता त्याच जमिनीवरच्या फार्महाउसची राखण करतात. पगार वेळेवर मिळतो, मालक चांगला आहे, असं तेच सांगतात. पण पूर्वी ज्या झऱ्याचं पाणी ते शेताला घ्यायचे तो आता कंपाउंडच्या आत आहे. ते हे सहज बोलता बोलता सांगून गेले, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून 'पर्यटनाने रोजगार येतो' या वाक्याला मी आता लगेच मान डोलावत नाही. कुणाला येतो, वर्षातले किती महिने येतो, आणि जमीन कुणाच्या नावावर राहते, हे सांगा. कासच्या फुलांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर, फार तर दीड-दोन महिने. तेवढ्यात गाइडची चार पैशांची कमाई होते. बाकीचे दहा महिने गाव जगायचं असेल तर गुरं हवीत, शेती हवी, घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय गावकऱ्याच्याच घरात हवी.

काही मित्र भूतानचा दाखला देतात. भूतानने 1974 मध्ये दारं उघडली ती बेतानेच. आज परदेशी पाहुण्याला रात्रीमागे शंभर डॉलर शाश्वत विकास शुल्क आहे, भारतीयांना 1200 रुपये. कमी माणसं, जास्त पैसा. भूतानने भूतानसाठी योग्यच केलं असेल. पण कासला तिकीट हजार-दोन हजार करा, गर्दी आपोआप कमी होईल, असं कुणी म्हटलं की माझा कडाडून विरोध आहे. मग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनी दवबिंदू पाठ्यपुस्तकातच पाहायचा का? मर्यादा आकड्याची ठेवा, पैशाची नको. बुकिंग आधी करणाऱ्याला आधी मिळू दे, शाळांसाठी वेगळे दिवस राखून ठेवा, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट स्वस्त करा.

थायलंडच्या माया बे या खाडीचंही बघा. दिवसाला हजारोंनी माणसं उतरायची, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडून गेलं. जून 2018 मध्ये किनारा बंद केला, जानेवारी 2022 मध्ये उघडला. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, माणसं मोजून सोडतात, आणि दरवर्षी काही काळ किनारा बंदच ठेवतात. बंद असताना तिथे शार्क परत दिसू लागले. पण साडेतीन वर्षं बंद ठेवायची वेळ का आली, हे विचारायला हवं. आधी माणसं मोजली असती तर किनारा बंद करायला लागला नसता.

आणि आता आमच्या डोक्यावर 'नवीन महाबळेश्वर' आहे. सातारा, पाटण, जावळी तालुक्यांतली 235 गावं रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली घेऊन नवं गिरिस्थान उभं करायचं. पुढे ही गावं आणखी वाढवली. जुन्या महाबळेश्वरात मे महिन्यात गाड्यांच्या रांगा घाटात अडकतात, हंगामात पाण्याची ओढाताण होते, म्हणून त्याचा भार कमी करायला नवं, असं सांगतात. पण भार वाटून घ्यायला नवी जागा काढली की जुनीचा भार कमी होत नाही, दोन्ही भरतात. हे सह्याद्रीचं पाणलोट आहे. कृष्णा-कोयनेचं पाणी इथून निघतं आणि निम्म्या पश्चिम महाराष्ट्राची शेती त्यावर उभी आहे. शेजारीच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. यातल्या कितीतरी गावांनी कोयनेच्या धरणासाठी एकदा घरदार सोडलेलं आहे. त्यांना पुन्हा एकदा कुणीतरी वरून नकाशा दाखवणार, आणि त्यावर हरकत घ्यायची तर सरकारी भाषेतला तो जाडजूड आराखडा आधी समजून घ्यावा लागणार.

मला त्या आराखड्यात हॉटेलांच्या खोल्यांच्या आधी पाण्याचा हिशेब पाहायचाय. प्रत्येक गावात उन्हाळ्यात झरा किती दिवस टिकतो, त्यातून गावाला आणि गुरांना लागेल तेवढं बाजूला ठेवून उरतं किती, आणि त्या उरलेल्यावर किती पाहुणे पोसता येतील. हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा आणि ग्रामसभेने मान्य केल्याशिवाय एकही परवानगी निघू नये. रस्त्यावरच्या हॉटेलांना सांडपाण्याची सोय दाखवल्याशिवाय परवाना नको. कासच्या तिकिटाचा जमा-खर्च दरवर्षी कासाणीच्या चावडीवर आणि ऑनलाइन, दोन्हीकडे लागावा. तीन हजारांचा आकडाही दर काही वर्षांनी तपासावा, अभ्यासक आणि गुराखी दोघांना बसवून. कदाचित तो वाढवता येईल, कदाचित दीड हजारांवर आणावा लागेल.

पुण्या-मुंबईच्या मित्रमैत्रिणींनो, या, नक्की या. मंगळवार-बुधवारचं बुकिंग करा. एसटीने साताऱ्यापर्यंत आलात तर फारच छान. गावातला गाइड घ्या आणि त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नका, वर्षातले तेवढेच दिवस त्याला हे काम आहे. जेवण गावातल्या घरी सांगा, आदल्या दिवशी फोन केला तर नाचणीची भाकरी मिळते. आणि 'नवीन महाबळेश्वर'च्या गावांपैकी एखादं तुमचं मूळ गाव असेल, तुमच्या नावावर तिथे सातबारा असेल, तर पुढच्या ग्रामसभेला सुट्टी काढून जा. तिथे तुमच्या मताची गरज आहे.