बेघर पेशंटवर पोरांना शिकवायचंय? मग एवढं कराच

तर सर, एमबीबीएसच्या पोरांना बेघर पेशंट बघायला शिकवायचं, तेही 'समाजाच्या भागीदारीतून', असं तुम्ही मनावर घेतलंय. झकास. आधी फ्लेक्स छापून घ्या. त्यावर तुम्ही, पालकमंत्री, आणि कोपरा उरलाच तर भागीदार संस्थेचा लोगो. बेघर माणसाचा फोटो नको, त्याची परवानगी मागावी लागेल आणि उगाच त्याला विचारायचा पायंडा पडेल.

शिबिर जानेवारीतच घ्या. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा फूटपाथवर ऊन लागून पडलेला माणूस कसा सांभाळायचा हे शिकण्यासारखं असतं खरं, पण पाहुण्यांना त्रास होतो हो. वेळ सकाळी अकराची धरा, तेव्हा सगळे हमालीला नाहीतर भंगार वेचायला गेलेले असतात. रात्री भुसावळ स्टेशनबाहेर गेलात तर सापडतील की सगळे!

फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्राम अभ्यासक्रमात आहेच, पोरं गावातली कुटुंबं दत्तक घेतात. ज्याला घरच नाही तो त्यात बसत नाही, म्हणजे एक डोकेदुखी परस्पर मिटली. निवाऱ्याच्या भानगडीत तर पडूच नका. शहरी बेघरांसाठीचा नियम सांगतो, १ लाख लोकसंख्येमागे निदान १०० जणांची सोय हवी. जळगाव शहर २०११ च्या जनगणनेतच साडेचार लाखांच्या वर होतं, आता कोणी गुणाकार करायला लागलं तर त्याला चहा पाजा.

भागीदार निवडताना मात्र जपून. स्टेशनसमोरच्या चहावालीला चुकूनही बोलवू नका. कुणाचा पाय चिघळलाय, कोण गोळ्या विकून टाकतो, कोणाला झटके येतात, सगळं तिला पाठ असतं, आणि ती पोरांसमोरच म्हणणार, "भाऊ, तुम्ही दुपारले येतस, तो रातले येस." झालं, टाइमटेबल बदला मग.

१९८५ मध्ये बोस्टनला जिम ओकॉनेल हा नवा डॉक्टर बेघरांच्या निवाऱ्यात रुजू झाला, तर तिथल्या नर्सनी त्याला स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि आधी लोकांचे पाय पाण्यात भिजवून धुवायला बसवलं. पेशंट खुर्चीत, डॉक्टर खाली. असले लाड आपल्याकडे नकोत, सिस्टर लोक डॉक्टरांना शिकवायला लागल्या तर कॉलेज चालायचं कसं?

पायाच्या जखमेत अळ्या असल्या तर ते काम वॉर्डातल्या मामांवर सोडा. टर्पेंटाइनचा बोळा ठेवायचा, थांबायचं, मग चिमट्यानं एकेक अळी उचलायची, वेळ जातो फार. आणि तेवढ्या वेळात तो माणूस बोलायला लागतो, रावेरला केळीचे घड उचलायचा, पाय कामातून गेला, मग भावानं घरात घेतलं नाही वगैरे. ही हिस्ट्री परीक्षेला कोण विचारतं?

त्यापेक्षा प्रिस्क्रिप्शन शिकवा. इन्सुलिन, फ्रीजमध्ये ठेवा. गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर. फूटपाथवरच्या म्हातारीला लघवी जास्त होणारी गोळी द्या, रात्री ती जाणार कुठं हे विचारू नका, बरं दिसत नाही. टीबीवाल्याला सांगा, उपचार चालू आहेत तोवर सरकार पोषणासाठी महिन्याला १००० रुपये देतं, थेट बँक खात्यात. खातं नाही म्हणाला तर 'पेशंट सहकार्य करत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं.

आणि वॉर्डात कोणी नीट बोलत नाही म्हणून तो उठून निघून गेला, तर केसपेपरवर 'फरार'. सध्या कुठं बसतोय ते चहावालीला माहीत असतं, पण तिला यादीत घ्यायचं म्हणजे मिटिंग आली, आणि मिटिंगचं भरीत-पुरीचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचं ते अकाउंटंटला आधी विचारून ठेवा, ऑडिटला तेच अडतं.